उजेडाची पैमाष

मोजणी या विषयात इंदापूर तालुक्याने साऱ्या मुंबई इलाख्याला धडा घालून दिला, ही गोष्ट आम्ही इंदापूरकर बारामतीकरांच्या कानांवर जितक्या वेळा घालतो तितक्याच वेळा ते ती ऐकली न ऐकलीशी करतात. तथापि इतिहास शेजारधर्म पाळत नसल्यामुळे ती येथे पुनश्च सांगणे प्राप्त आहे. पेशवाई बुडाल्यानंतर या मुलखाची नव्याने पैमाष व जमाबंदी करण्याचे काम प्रिंगल नावाच्या एका विद्वान साहेबाकडे आले. रिकार्डो या अर्थशास्त्र्याचा खंडाविषयीचा सिद्धांत साहेबाने मनोभावे पत्करलेला असल्यामुळे प्रत्येक जमिनीचे उत्पन्न, त्यातून वजा जाता मशागतीचा खर्च, आणि खाली उरलेल्या निव्वळ नफ्यात सरकारचा हिस्सा, असा त्रैराशिकाचा भव्य डोलारा त्याने उभारला. आणि १८३० च्या सुमारास तो अमलात येताच असे आढळून आले की हिशेब अतिशय सूक्ष्म असून सारा मात्र भरणे कोणालाच शक्य नाही. रयत परागंदा होऊ लागली, शेते पडीक पडली. तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोन अंमलदारांना फेरतपासणीसाठी इंदापुरास धाडण्यात आले. त्यांनी नफ्यातोट्याच्या सिद्धांताच्या वाटेस न जाता मातीचा पोत पाहिला, खोली पाहिली, जमिनीची नऊ वर्गांत प्रतबंदी केली, उत्तम जमीन सोळा आणे धरून तेथून पायरीपायरीने दोन आण्यांपर्यंत उतरले, आणि ठरलेला आकार तीस वर्षे बदलणार नाही अशी हमी दिली. ही ढोबळ आणि विद्वानांना काहीशी अडाणी वाटावी अशी रीत इतकी चालली की पुढे तीच साऱ्या इलाख्याची रीत झाली.

जमिनीची मोजणी अशी झाली. कालवा आला तशी पाण्याच्या पाळ्यांची नोंदवही आली. साखर कारखाने आले तसे वजनकाटे आणि त्या काट्यांविषयीचे संशय हेही यथाक्रम आले. उन्हाची मात्र कोणी दखल घेतली नाही, कारण जी वस्तू फुकट, मुबलक आणि विशेषतः नको त्या वेळी मिळते तिच्यावर सारा बसवता येत नाही, आणि जिच्यावर सारा बसत नाही ती सरकारदप्तरी अस्तित्वातच नसते. वैशाखातल्या दुपारी इंदापूरच्या बाजारपेठेतून डोक्यावर उपरणे घेऊन जाणाऱ्या माणसाला ऊन किती आहे हे आकड्यात सांगण्याची आवश्यकता आजवर भासली नव्हती.

ती आमच्या पुतण्यास भासली. आमच्या कनिष्ठ बंधूंचे हे चिरंजीव बारामतीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेतात, आणि ज्या गावात उसाच्या फडात संवेदक रोवून, उपग्रहाची छायाचित्रे मागवून आणि वर कृत्रिम बुद्धिमत्तेचा सल्ला घेऊन पाणी द्यावयाचे प्रयोग १९७१ साली स्थापन झालेला अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट करीत आहे, आणि त्या प्रयोगांची वाखाणणी २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टच्या मुख्याधिकाऱ्याने जाहीरपणे केली आहे, त्या गावचे पाणी प्यायलेल्या मुलास सुटीत स्वस्थ बसणे दुष्कर व्हावे हे ओघानेच आले. तो आला तो तळहातावर मावणारा एक उघडाबोडका संगणक, मूठभर रंगीत तारा आणि तुरीच्या दाण्याएवढी एक चकती घेऊन. संगणकाचे नाव रास्पबेरी पाय. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, तो उघडून त्याच्याशी खेळावे, या सद्धेतूने इंग्लंडात केंब्रिज येथे २०१२ सालच्या २९ फेब्रुवारीस हा विक्रीस निघाला. त्यामुळे त्याचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येतो आणि पेढ्यांचा खर्च वाचतो. चकतीचे नाव एलडीआर. तिच्या अंगावर कॅडमियम सल्फाइडची एक नागमोडी रेघ असते आणि तिच्यावर प्रकाश पडला की तिचा विजेला होणारा विरोध मावळतो: काळोखात लाखो ओहमांचा ताठा, भर उन्हात अवघ्या काही शेकड्यांवर तडजोड. हा गुण मुळात सेलेनियम या धातुसदृश द्रव्यात सापडला, तोही प्रकाश शोधायला निघालेल्या माणसाला नव्हे, तर समुद्राच्या तळाशी टाकावयाच्या तारायंत्राच्या दोरखंडाची परीक्षा करणाऱ्या विलोबी स्मिथ या इंग्रज तंत्रज्ञाला, १८७३ साली. त्याच्या सेलेनियमच्या कांड्या दिवसा एक उत्तर देत आणि झाकून ठेवल्या की दुसरे.

येथवर सर्व सुबोध आहे. अडचण अशी की हा संगणक अत्यंत करारी स्वभावाचा असून त्याच्या टाचणीसारख्या पायांना ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढीच दोन उत्तरे समजतात. ‘थोडेसे’, ‘बऱ्यापैकी’, ‘म्हटले तर आहे’ या ज्या मधल्या छटांवर आपला संसार चालतो त्या ओळखण्याची सोय निर्मात्यांनी त्याच्यात ठेवलेलीच नाही. तेव्हा छंदिष्ट लोकांनी एक युक्ती काढली. चकतीच्या पुढे एक कपॅसिटर, म्हणजे विजेचा छोटासा रांजण, जोडायचा. तो प्रथम पूर्ण रिकामा करायचा. मग चकतीतून झिरपणाऱ्या विजेने तो भरू द्यायचा, आणि तो पुरेसा भरून ‘नाही’चे ‘आहे’ होईपर्यंत संगणकाने एक, दोन, तीन असे आकडे म्हणत बसायचे. ऊन कडक असेल तर विरोध कमी, रांजण झटकन भरतो आणि मोजणी काही आकड्यांतच आटोपते. अंधार असेल तर विरोध प्रचंड, थेंब थेंब झिरपते आणि बिचारा मोजतच राहतो. सारांश, उजेड मोजण्यासाठी म्हणून सिद्ध केलेले हे यंत्र वस्तुतः आपल्याला किती वेळ ताटकळावे लागले एवढेच सांगते. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी बाकावर बसलेला मनुष्य आतल्या कारभाराच्या स्वच्छतेविषयी जे अनुमान बांधतो त्याच्या शास्त्रशुद्धतेविषयी मला तेव्हापासून शंका उरलेली नाही.

त्यातही हा मोजणारा कारकून एकचित्त नव्हे. त्याच्या आत एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात, आणि मध्येच कोणी साहेबाने हाक मारली की तो आकडे म्हणणे थांबवून तिकडे जातो, परत येतो आणि जेथे सोडले होते तेथून पुढे म्हणू लागतो. मध्यंतरी रांजण भरून वाहत असला तरी त्याची त्याला वार्ता नसते. म्हणून एकाच उजेडात लागोपाठ घेतलेल्या दोन मोजण्यांची रुजुवात सहसा होत नाही. चकतीही काही निष्पक्षपाती नाही. रात्रभर अंधारात राहिलेली चकती आणि रात्रभर दिव्याखाली राहिलेली चकती या दोघी सकाळी त्याच उन्हाविषयी निरनिराळी साक्ष देतात, कारण पूर्वी भोगलेल्या प्रकाशाची आठवण तिच्या अंगात काही काळ राहते. कॅडमियमसारख्या निर्जीव वस्तूला पूर्वग्रह असू शकतो हे कळल्यावर मी माझ्या काही सजीव परिचितांना मनोमन क्षमा केली.

आकडे तर मिळू लागले, पण ते कशाचे आकडे? पुतण्याला अर्थातच लक्स हे आंतरराष्ट्रीय परिमाण हवे होते. त्याने बीएच १७५० या नावाचा दुसरा संवेदक पैदा केला, जो ताटकळणे वगैरे प्रकार न करता सरळ लक्समध्ये उत्तर देतो. सकाळी तो ठीक चालला. सूर्य कासराभर वर आला तसे आकडे भराभर चढू लागले. आणि मग ५४,६१२ या संख्येवर येऊन जे थांबले ते दुपार कलेपर्यंत तेथेच. पुतण्याने तारा हलवल्या, संवेदक फुंकला, पुन्हा चालू केला, आकडा ढळेना. कारण असे की या चिमुकल्या जिवाला ६५,५३५ च्या पुढे मोजता येत नाही, त्याला नियमाप्रमाणे १.२ ने भागले की ५४,६१२ येतात, आणि निरभ्र आकाशातल्या मध्यान्हीचे ऊन मात्र एक लाख लक्सांच्या घरात असते. म्हणजे इंदापूरच्या उन्हाला वरिष्ठ कचेरीची मंजुरीच मुळी निम्म्याची होती आणि उरलेले निम्मे आम्ही बेकायदेशीररीत्या भोगीत होतो.

या प्रसंगी मी त्यास प्रिंगलसाहेबाची कथा निवेदन केली. त्याने ती मोबाइलवरून दृष्टी न काढता ऐकली. परंतु ‘सोळा आणे’ हे शब्द उच्चारताच मान वर केली. चकतीला उजेड किती हे निरपेक्षपणे सांगता येत नसले तरी याच्यापेक्षा तो कितव्या हिश्शाने कमी हे ती बरे सांगते. मग अंगणातले दुपारचे ऊन सोळा आणे धरून बाकी सर्व जागांची प्रतबंदी का करू नये? पीक किती आले याची पैसेवारी सरकार अद्याप लावते आणि एके काळी तर पन्नास पैशांच्या आत-बाहेर दुष्काळाचा निकाल होत असे. उजेडाची आणेवारी लावण्यास मग हरकत ती काय? सोळा आण्यांसाठी चकतीवर दुधी कागदाची घडी घालून तिला लगाम घातला. शून्य आण्यांसाठी ती साखरेच्या डब्यात कोंडली. खरे शून्य आमच्या मुलखात याहून भारदस्त रीतीने एकदा येऊन गेले आहे. १८९८ सालच्या २२ जानेवारीस इंदापूरच्या पलीकडे भीमेपार जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे नेगमवाला आपल्या दुर्बिणी घेऊन उतरले होते आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच तळ देऊन होते. सोळा आण्यांचा सूर्य भर दुपारी दोनेक मिनिटे साफ बुडीत खात्यात गेला, आणि हे बुडीत खाते पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातून माणसे बोटीत बसून आली. साखरेच्या डब्यासाठी कोणी आले नाही. मुंग्या काय त्या आल्या.

पहिली पैमाष आमच्या घराची झाली, आणि तिने संसारात जी खळबळ उडवली ती विंगेटलाही कधी उडवता आली नसेल. मनुष्याच्या डोळ्याची बाहुली कारभारी असल्याप्रमाणे आवक पाहून खर्च बेतते, त्यामुळे आपल्या घरात ‘छान उजेड आहे’ असे प्रत्येकास वाटते. वास्तविक वाचनाच्या मेजावर ५०० लक्स पडला तरी पुष्कळ झाले असे तज्ज्ञ म्हणतात, आणि तो एक लाखाचा दोनशेवा हिस्सा. म्हणजे अंगणात अख्खा रुपया पडलेला असताना तज्ज्ञांच्या मते सुशिक्षित माणसाने एका पैवर समाधान मानावे. आमच्या ओसरीस चार आणे निघाले. दिवाणखाना दोन पैवर आला. माजघराची आकारणी पैच्या अपूर्णांकात गेली. स्वयंपाकघराचा आकडा पुतण्याने मोठ्याने वाचू नये अशी खूण मी केली होती, परंतु पैमाषदार अननुभवी.

“काकू, तुमच्या ओट्यावर पैचा दहावा हिस्सासुद्धा नाही,” असे तो म्हणाला.

आमच्या कुटुंबाने हे शांतपणे ऐकले, हात पुसले, आणि विवाहापासून आजतागायत दक्षिणेकडच्या भिंतीत खिडकी पाडण्याविषयी केलेल्या व वेळोवेळी तहकूब झालेल्या अर्जांची कैफियत तारीखवार सादर केली. इतकी वर्षे हे प्रकरण पुराव्याअभावी पडून होते. आता पुरावा झाला, तोही वादीच्या नव्हे तर प्रतिवादीच्या पुतण्याच्या हातचा. गवंडी सोमवारपासून येतो आहे.

घराबाहेर या प्रतबंदीचा खरा उपयोग व्हावयाचा तर तो जेथे लोक मुद्दाम ऊन कमी करून घेतात तेथे. पन्नास टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली ढोबळी मिरची लावणारे बारामतीकडचे शेतकरी आठ आण्यांचे गिऱ्हाईक आहेत. जाळीवर उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ बसली की आठाचे सहा होतात आणि विकणाऱ्याने मात्र पावती आठाचीच दिलेली असते. परंतु सावलीची अभिजात विद्या पाहावयाची ती निमगाव केतकीच्या पानमळ्यांत. शेवरी, पांगारा, हादगा यांच्या आधाराने वर चढलेल्या पानवेली आणि त्यांच्यावर झाडांनी धरलेले विरळ छत्र, यांतून चालताना दुपारसुद्धा दबक्या आवाजात बोलते. तेथील एका वृद्ध मळेवाल्याने आम्हांस मोठ्या अगत्याने आत नेले, चकती वेलीच्या कमरेशी धरलेली पाहिली आणि विचारले, “काय म्हणतंय तुझं यंत्र?”

“पाच आणे, आबा.”

“म्हंजी शेवरी छाटाय झाली. गड्याला मी कालच सांगितलंय.”

पुतण्याचा चेहरा उतरला. कोणत्याही शास्त्रज्ञास आपला निष्कर्ष खोटा ठरल्याचे दुःख सोसवते, पण तो काल संध्याकाळीच अमलात आल्याचे सोसवत नाही. त्याने सावरून घेत स्पष्टीकरण केले की ही चकती मनुष्याच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या-पिवळ्या प्रकाशावर विशेष लुब्ध असते, पाने तर नेमका हिरवा रंग नाकारून तांबडा-निळा पचवतात, सबब वरच्या पानांतून गाळून खाली आलेल्या या पाच आण्यांत वेलीच्या दृष्टीने काही नाणी खोटीच असणार. आबांनी मान डोलावली. “खोटी नाणी बाजारात बी लई हाईत,” ते म्हणाले, “आता पानाला किती आणं भाव निघंल तेवढं मापून सांग.”

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर आम्ही गेलो तेव्हा थंडी होती, रोहित पक्षी चिखलात माना घालून आपल्या उद्योगात होते, आणि नावेनावेत पुण्यामुंबईहून आलेले छायाचित्रकार पहाटेपासून उजेडाच्या प्रतीक्षेत बसले होते. वास्तविक प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात लाखमोलाचा प्रकाशमापक होता. तो काय सांगतो ते प्रत्येकजण पाहत होता, आणि प्रत्येकजण शेजाऱ्यास विचारीत होता की तुझा काय सांगतो. आमचे यंत्र तेथे कोणी विचारले नाही.

यंत्राची कीर्ती खरी पसरली ती बांधावरून. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे केंद्र सरकारने २००९ साली एक संशोधन संस्था काढली आहे. उष्णता, अवर्षण, क्षार असे जे निर्जीव ताण पिकांना छळतात त्यांचा तेथे सखोल अभ्यास चालतो. सजीव ताणांपैकी किडी आणि रोग यांच्यासाठीही अन्यत्र संस्था आहेत. भाऊबंद या ताणासाठी मात्र अद्याप संस्था निघालेली नाही आणि सारा भार दिवाणी न्यायालयांवर पडतो. आमच्या परिचयाच्या एका गावात बांधावरच्या चिंचेची सावली आपल्या डाळिंबावर पडून बहर मार खातो अशी धाकट्या पातीची तक्रार होती. चिंच आजोबांच्या वेळची, तिच्या सावलीची वहिवाटही आजोबांच्या वेळची, असा थोरल्या पातीचा जबाब. सावली मोजणारा मुलगा आला आहे हे कळताच उभय पक्षांनी त्यास बोलावून नेले आणि पंच नेमून रीतसर मोजणी सुरू झाली.

चिंचेखाली तीन आणे निघाले. धाकट्या पातीने ते लिहून घ्यावे असा आग्रह धरला. थोरली पात म्हणाली की मुलगा स्वतः सूर्याच्या आणि चकतीच्या मध्ये उभा आहे, सबब यातली निदान एका आण्याची सावली मुलाची आहे आणि ती चिंचेच्या नावे मांडू नये. मुलगा बाजूस झाला. नेमका ढग आला. दोन आणे निघाले. ढगाचा आणा कोणाच्या खाती, यावर पंचांत मतभेद झाले. ढग गेला, तोवर सूर्य कलला आणि सावली डाळिंबावरून उठून थोरल्या पातीच्याच मक्यावर जाऊन बसली, तेव्हा सूर्य मुद्दाम विलंबाने विचारला गेल्याची लेखी हरकत धाकट्या पातीने नोंदवली. एका पंचाने मार्गशीर्षात सावल्या लांब असतात आणि ज्येष्ठात आखूड, तेव्हा मोजणी वर्षभर दरमहा व्हावी असा तोडगा सुचवला, जो मुलाखेरीज सर्वांस मान्य झाला. चिंचा यंदा भरपूर लागल्या असून त्या दोन्ही घरांतली मुले मिळून पाडतात.

शेवटचे प्रकरण दिव्याचे. एका ग्रामपंचायतीने देवळासमोर आपोआप लागणारा व विझणारा दिवा बसवला होता. त्याच्या पोटात अशीच चकती होती, आणि तिन्हीसांजा होताच तो डोळे मिचकावू लागे: अंधार पडला म्हणून लागे, लागताच त्याचाच उजेड चकतीवर पडे, चकतीस उजाडलेसे वाटे, दिवा विझे, विझताच पुन्हा अंधार. भजनी मंडळाच्या ठेक्याशी त्याचा मेळ बसेना म्हणून पुतण्यास पाचारण झाले. आणेवारी येथे कुचकामी ठरली, कारण सूर्याच्या नाण्यांत कातरवेळेचा व्यवहार होत नाही. तेव्हा तो मूळच्या ताटकळण्याच्या आकड्यांवर गेला. मोजणी चाळीस हजारांच्या वर गेली की दिवा लागावा, पंचवीस हजारांच्या खाली उतरली की विझावा, आणि मधल्या पंधरा हजारांच्या टापूत ‘जैसे थे’ असावे, अशी व्यवस्था त्याने करून दिली आणि दिवा त्या रात्री सलग जळला. मासिक सभेत अभिनंदनाचा ठराव मांडला गेला. तो संमत होण्यापूर्वी एका ज्येष्ठ सदस्याने पृच्छा केली की लागण्याचा आकडा समजला, विझण्याचाही समजला, परंतु मधल्या पंधरा हजारांत दिवा लागलेला असल्यास तो कोणाच्या हुकुमाने लागलेला समजावा व त्या वेळचे वीजबिल कोणत्या शीर्षाखाली टाकावे. ग्रामसेवकांनी नियम पाहून सांगतो असे म्हटले, आणि विषय पुढील सभेकडे वर्ग झाला.